चिंधी बांधलेली

वेलावरची पहिली काकडी मी तोडली
आणि अख्खा चौथीचा वर्ग माझ्याकडे बघत राहिला.
"गुरुजी, तिला चिंधी होती."
होती खरी. लाल, परकराच्या काठाची,
देठापाशी सैलसर गाठ.
मला वाटलं, वाऱ्यानं येऊन अडकली असेल.

मी निफाडचा. आमच्याकडे बी म्हणजे पाकीट.
पुढे चकचकीत टोमॅटो, मागे मुदत संपायची तारीख,
दातानं कोपरा फाडायचा
आणि रिकामं पाकीट बांधावरून उडत जाऊ द्यायचं.
सुरगाण्याच्या या घाटमाथ्यावर बदली झाली
तोवर ठाऊक नव्हतं
की चिंधी बांधलेल्या फळाला
भूक लागली तरी कुणी हात लावत नाही.
ते वेलावरच म्हातारं होतं,
पिवळं, मग तपकिरी, मग भेगाळलेलं.
मग त्याचं बी धुवून, राखेत घोळवून
ओल्या शेणात दाबतात
आणि भिंतीला थापतात.

शाळेची मागची भिंत, नुकताच गुलाबी रंग दिलेली,
आता अशा थापट्यांनी भरली आहे.
तपासणीला आलेले साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले,
हे काय?
हेमराज भोये म्हणाला, "आमचं कपाट."

तक्त्यात रकाना होता : वाणाचे नाव.
मी पेन घेऊन बसलो, मुलं सांगत गेली.
पाचीबाईच्या कुडावरचा वाल.
मुकी मिरची, जी खाताना काही बोलत नाही, नंतर बोलते.
जावयाची भेंडी.
"जावयाची का रे?"
"लवकर निबर होते."
हे सगळं मी त्या रकान्यात बसवलं,
अक्षर बारीक करत करत.

नियम मुलांनीच केला :
दहा न्या, वीस आणा.
कुणी उंदरावर ढकललं तर उंदराचं नावही वहीत लिहायचं.

दिवाळी झाली आणि पिकअप आली.
रंजिता महाले थाळ्या, कोंबडी आणि धाकट्या भावासकट
मागच्या फळीशी टेकून बसली.
दिंडोरीकडे द्राक्षांचे घड विरळायचं काम असतं,
लहान बोटांना बरं जमतं म्हणतात.
ओढणीच्या टोकाला गाठ होती.
वहीत नोंद : वाल, दहा.

त्यानंतर तिच्या नावापुढे मी गै लिहीत गेलो.
गै गै गै, ओळ संपली की पुढच्या पानावर गै.
वरून विचारणा आली, नाव ठेवायचं की कमी करायचं?
मी उत्तर लिहिलं, खोडलं,
आणि भिंतीकडे बघत बसलो.
तिची भाजी मुलांनी आळीपाळीनं शिंपली.
तिच्या वेलावरच्या एका शेंगेला
कुणीतरी बुटाची नाडी बांधली होती. चिंध्या संपल्या असाव्यात.

शिमग्याला ती परत आली.
उन्हानं रापलेली, बोटांना औषधाचा वास.
वर्गात शिरायच्या आधी गाठ सोडली,
टेबलावर एकेक दाणा मांडला.
"नऊच आहेत गुरुजी."
"लावले नाहीस?"
"कुठं लावू? तिथं तर मातीवर पण फवारतात."
"आणि दहावा?"
"बागवाल्याच्या पोरीला दिला.
ती म्हणाली, हा खडा आहे.
मी म्हटलं, पुरून बघ."

पाकिटाच्या मुलखातली पोर ती.
असेल माझ्या भाचीएवढी.

वर्गात वाद झाला. वीस कुठायत? नियम म्हणजे नियम.
कुणी म्हणालं, उंदराचं नाव लिहितो तर तिचंही लिहा.
रंजिताला तिचं नाव ठाऊक नव्हतं.
हेमराजनं वही ओढली, पेन बराच वेळ चावलं,
मग तिरक्या अक्षरात लिहिलं :
नेले दहा. आणले नऊ.
एक दिंडोरीला आहे, बघू.

खाली त्यानं बोट ठेवलं, इथं सही करा.
मी केली.